पाचवं चाक

शुक्रवारी रात्री साडेअकराला रिलीज एकदाचं बाहेर पडलं. लॅपटॉप मिटतोय तोच मामाचा फोन. "उद्या सुट्टी ना तुला? ये मग उरणला. प्लेट बदलायचीये. तुझं ते मोजायचं यंत्र घेऊन ये."

यंत्र म्हणजे व्हर्नियर कॅलिपर. मी मेकॅनिकल इंजिनिअर. तुमच्या टीममध्येही असा एक नमुना असेलच, चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स रटून आता जावाचे बग सोडवणारा. सेकंड इयरला घेतलेलं ते व्हर्नियर पदवीनंतर मी एकदाही उघडलं नव्हतं. घरच्यांच्या दृष्टीने मी 'कंप्युटरवाला', त्यामुळे गाडीचं काही बिघडलं तर मला कुणी विचारत नाही. मामाने विचारलं याचाच इतका आनंद झाला की सकाळी सातच्या लोकलमध्ये बसलोसुद्धा.

आता उरणला लोकल जाते बरं का. खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये आली आणि पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. शेमटीखार, न्हावा शेवा, द्रोणागिरी, उरण. खिडकीतून एका बाजूला खाडी, खारफुटी आणि उरलीसुरली मिठागरं दिसतात, दुसऱ्या बाजूला कंटेनरच्या चळती. निळे, लाल, करडे. लहानपणी मला ते ठोकळ्यांच्या खेळासारखे वाटायचे. मामा त्यातलाच एकेक ठोकळा इकडून तिकडे नेतो. त्याचा स्वतःचा एक ट्रेलर आहे. पुढच्या इंजिनवाल्या गाडीला तो 'घोडा' म्हणतो, आणि घोड्याच्या पाठीवर जी लोखंडी चकती असते तिला नुसतं 'प्लेट'. कंपनीच्या कागदावर तिचं नाव आहे फिफ्थ व्हील. पाचवं चाक!

घोड्याला दहा चाकं, मागच्या डाल्याला बारा. मग हे पाचवं कुठून आलं? आणि जे फिरत नाही, रस्त्याला लागत नाही, त्याला चाक का म्हणायचं? हा लेख त्या प्रश्नाचा. ओझं कुणाच्या मानेवर जातं, असाही एक प्रश्न त्यात आहे, पण तो मला शनिवारी संध्याकाळी परत येताना सुचला. क्रमाने सांगतो.

ही चकती मी पहिल्यांदा नीट पाहिली ती मात्र उरणला नाही, ह्यूस्टनला. दोन वर्षांपूर्वी चार महिने ऑनसाइट होतो. तिथल्या टीममधल्या एकाने नवा पिकअप घेतला होता. पिकअप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर भाजीचे क्रेट नेणारी गाडी येते. हा प्रकार म्हणजे तिचा पैलवान काका. त्याला मागे अख्खं घर ओढायचं होतं, म्हणजे झोपायच्या खोलीसकट चाकांवरचा कॅम्पर. त्यासाठी पिकअपच्या हौद्यात बसवायला कुठली हिच घ्यायची यावर तो तीन आठवडे लंचमध्ये बोलत होता. आम्ही डेटाबेस निवडताना इतकी चर्चा केली नव्हती.

त्याच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. गाडीच्या मागच्या बंपरखाली गोळा बसवून ट्रेलर ओढता येतो, पण तिथे भार मागच्या आसाच्याही मागे पडतो. मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. म्हणून जड ट्रेलरसाठी हिच हौद्यात, मागच्या आसाच्या बरोब्बर वर किंवा किंचित पुढे बसवतात. अशा कॅम्परच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग त्या चकतीवर येतो. हौदा आखूड असला तर वळताना कॅम्परचं नाक केबिनच्या काचेवर आदळायची भीती. मग पाठीमागे सरकणारी हिच घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिचे रूळ हौद्याच्या पत्र्याला नाही, खालच्या चेसिसला बोल्टने आवळा. पत्रा काही ओझं घेत नाही.

मी मान डोलावत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, ही तर मामाची प्लेट! आकाराने लहान, एवढंच.

आता नावाची गंमत. त्यासाठी मोटारीच्या आधीच्या काळात जावं लागतं.

टांगा दोन चाकांचा. त्याला वळायला काही अडचण नाही, घोडा वळला की टांगा वळला. पण चारचाकी घोडागाडीला पुढची दोन चाकं वळवावी लागतात. जुन्या कारागिरांनी सोपा उपाय केला. पुढची आख्खी आस मधल्या एका खिळ्याभोवती फिरती ठेवली. तोच किंगपिन. पण नुसत्या खिळ्यावर गाडीचा डोलारा टेकवला तर वळणावर तो कलंडणार. म्हणून आस आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये आडवी लोखंडी कडी बसवली. अंग त्या कडीवर टेकतं आणि आस खाली फिरते. ही कडी म्हणजे आडवं पडलेलं चाकच. चार चाकं जमिनीवर, पाचवं हे. मुंबईच्या रस्त्यांवरच्या व्हिक्टोरिया आठवतात? २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. एका बाजूला भेळ खात आपण ज्या गाडीकडे बघायचो, तिच्या पुढच्या आसावर याच जातीची रचना असायची.

पुढे १८१८ मध्ये लंडनला रुडॉल्फ अॅकरमन यांनी दुसऱ्या एका रचनेचं पेटंट घेतलं. तिचा मूळ शोध जर्मनीतल्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांचा. त्यात आख्खी आस न फिरवता फक्त दोन चाकं आपापल्या जागी वळतात. (मेकॅनिकलवाल्यांनो, अॅकरमन स्टिअरिंग! दहा मार्कांची आकृती!) मोटारींनी हीच पद्धत घेतली आणि पाचवं चाक अडगळीत गेलं. कायमचं नाही, पण.

इथे थोडं थांबून आपल्या बैलगाडीकडे बघू. बैलगाडीला एकच आस, दोन चाकं. मग ती पुढे पडत का नाही? कारण तिचं नाक जुवावर टेकलेलं असतं आणि जू बैलांच्या मानेवर. म्हणजे बैल गाडी नुसती ओढत नाहीत, तिच्या भाराचा एक वाटा मानेवर घेतात. ज्याचा मागचा भाग स्वतःच्या चाकांवर आणि पुढचा भाग ओढणाऱ्याच्या अंगावर, त्याला आजच्या भाषेत सेमी-ट्रेलर म्हणतात. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी इतका खूश झालो की मामाला लगेच सांगितलं. मामा म्हणाला, "हे तुला आज कळलं?"

त्याच्या बापाची, म्हणजे माझ्या आजोबांची बैलगाडी होती. भात आणि पेंढा वाहायचे. मामा सांगतो, गाडी भरायची तर ओझं कुठे टाकायचं हे आधी शिकावं लागे. मागे जास्त पडलं की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. पुढे जास्त पडलं की माना दबतात. आजोबा गाडी भरून झाली की जुवाखाली हात घालून ते थोडंसं उचलून बघायचे. जमलं असेल तर "चल", नाहीतर दोन भारे पुढे-मागे. माझ्या पुस्तकात याला मोमेंट घेणं म्हणतात.

तर मोटारी आल्या आणि प्रश्न पडला की मोठं ओझं न्यायचं कसं. अमेरिकेत क्लीव्हलंडला अलेक्झांडर विंटन मोटारी बनवायचे. गिऱ्हाइकापर्यंत नवी गाडी चालवत नेली तर ती वाटेतच जुनी होते. म्हणून १८९९ च्या सुमारास त्यांनी एका मोटारीच्या मागे, तिच्यावर टेकेल असा गाडा जोडला आणि त्यावर मोटार चढवली. १९१४ मध्ये डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रूहाफ यांच्याकडे एक लाकडाचे व्यापारी आले. त्यांना आपली होडी तळ्याकाठच्या घरी न्यायची होती. फ्रूहाफनी फोर्डच्या मॉडेल-टीला मागे दोन चाकांचा गाडा जोडून दिला. होडी पोचली. व्यापाऱ्याला कल्पना इतकी आवडली की त्याने लाकडाच्या वखारीसाठी तसेच गाडे मागितले. फ्रूहाफनी त्याला नाव दिलं सेमी-ट्रेलर. पुढे त्यांची कंपनी या धंद्यातलं मोठं नाव झाली. किनाऱ्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून बरं वाटलं. ट्रेलरचा धंदा एका होडीवरून सुरू झाला!

त्याच दशकात चार्ल्स मार्टिन यांनी घोडागाडीची ती जुनी कडी उचलली आणि मोटारीच्या पाठीवर बसवली. घोडागाडीचा पुढचा भाग, म्हणजे घोडे, आस आणि दोन चाकं, सगळं काढून टाका आणि त्या जागी मोटार ठेवा. खिळा मागच्या गाड्याला, चकती पुढच्या मोटारीवर. जोडणी-तोडणी सोपी झाली. चकती गोल होती, फिरण्यासाठी होती, म्हणून जुनं नावही तिच्याबरोबर आलं. चाक गेलं, नाव राहिलं. आपण नाही का अजून फोन 'लावतो' आणि नंबर 'फिरवतो'?

यातून खरा फायदा झाला तो पैशांचा. इंजिन हा महागडा भाग. पूर्वी माल चढेपर्यंत गाडी, इंजिन, ड्रायव्हर, सगळे उभे. आता डाला गोदामापाशी सोडायचा, घोडा दुसऱ्या डाल्याला जोडायचा. घोडा रिकामा बसत नाही. (आपल्याकडे यालाच रिसोर्स युटिलायझेशन म्हणतात आणि त्यात घोडे आपण असतो.)

दुसरी ताटातूट केली माल्कम मॅक्लीन यांनी. नॉर्थ कॅरोलिनातला हा ट्रकवाला. बंदरावर एकेक पोतं, एकेक पेटी उतरवण्यात जाणारा वेळ त्याला सहन होईना. त्याने विचार केला, डाल्यावरचं खोकंच चाकांपासून सोडवून जहाजावर ठेवलं तर? २६ एप्रिल १९५६ ला आयडियल-एक्स नावाचं जहाज नेवार्कहून ५८ खोकी घेऊन निघालं. कुठे? ह्यूस्टनला. मी चार महिने त्या शहरात बसून बिर्याणी शोधत होतो आणि मला हे माहीत नव्हतं! सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनाला ५ डॉलर ८६ सेंट लागायचे, त्या फेरीत टनाला सुमारे १६ सेंट लागले. त्यांचे इंजिनिअर कीथ टँटलिंजर यांनी खोक्याच्या कोपऱ्यांत बसणारं फिरकीचं कुलूप तयार केलं. मामाच्या डाल्यावर आजही तेच ट्विस्टलॉक आहेत.

भारतात पहिलं कंटेनर जहाज आलं ते १९७३ मध्ये, कोचीनला. मुंबईच्या गोद्या तेव्हा सुट्या मालाच्या होत्या. पोती माथ्यावर वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला होता. शब्दातच बघा, माथाडी. ओझं माथ्यावर. कंटेनरने ते ओझं माथ्यावरून उतरवलं आणि बऱ्याच ठिकाणी त्याबरोबर कामही.

जुन्या मुंबई बंदरात जागा पुरेना, म्हणून खाडीपलीकडे नवं बंदर ठरलं. घारापुरीच्या समोर, उरण तालुक्यात, न्हावा आणि शेवा या गावांच्या किनाऱ्यावर. २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. नेहरूंच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं ते. १९९९ मध्ये तिथे देशातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल चालू झालं. २०२४-२५ मध्ये या बंदराने ७० लाखांहून जास्त टीईयू हाताळले. टीईयू म्हणजे वीस फुटी खोक्याचं माप. त्यातली बरीच खोकी रेल्वेने जातात, पण बाकीच्यांना घोडा लागतो.

हे झालं पुस्तकातलं. मामाच्या तोंडून हाच इतिहास वेगळा ऐकू येतो.

त्याचा इतिहास १९८९ ला सुरू होत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. (कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये.) मग बंदराचं आलं. शेवा गाव उठलं. आज त्याचे लोक नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा इथे आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. त्या लढ्यानंतर पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली.

मामा तेव्हा सोळा वर्षांचा. १६ तारखेला तो गावातल्या पोरांबरोबर निघाला होता, आजीने त्याला गोठ्यात कोंडलं. हे तो अजून रागाने सांगतो. आजी का कोंडते हे त्याला आता कळतं, तरी राग आहेच. आमची शेती गेली. बैल काही दिवस तसेच राहिले. मग आजोबांनी ते विकले. गाडी पावसात कुजली, तिचं एक चाक अजून मामाच्या अंगणात भिंतीला टेकून आहे. पाहुणे त्याच्याजवळ फोटो काढतात.

बंदर सुरू झालं तेव्हा मामा एकवीसचा. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग कर्ज काढून स्वतःचा घोडा. शेतकऱ्याच्या पोराने बैल जाऊन घोडा घेतला, असं तो स्वतःच म्हणतो आणि हसतो. मी कधी त्या हसण्याकडे नीट बघितलं नव्हतं.

आता शनिवारचं काम.

तक्रार अशी की ब्रेक मारला की मागून 'खट्' आवाज यायचा. म्हणजे किंगपिन आणि प्लेटच्या जबड्यात जागा झालीय. दोघांपैकी कोण झिजलंय? डाला टेकूवर उभा करून घोडा काढला आणि मी व्हर्नियर घेऊन खाली शिरलो. दोन इंची पिन नवा असतो तेव्हा ५०.८ मिलिमीटर. ४९ पर्यंत झिजला की बदलायचा. आमचा निघाला ५०.१. पिन ठीक. प्लेटचे जबडे मात्र घासून गेले होते. मिस्त्री म्हणाला, "आमी बोटानंच वळखतो." ओळखलंही असतं त्याने, पण मी आकडा सांगितल्यावर मामाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावर माझी चार वर्षांची फी वसूल झाली.

निवड करताना पहिला प्रश्न मापाचा. जगात किंगपिनची मुख्य दोनच मापं आहेत, दोन इंच आणि साडेतीन इंच. मिस्त्रीकडे एक जुनी, साडेतीनची प्लेट स्वस्तात होती. "बुश टाकून देतो, मस्त बसंल." मी नाही म्हटलं. वीस-पंचवीस टनांचं खोकं एका बुशवर सोडायचं नाही. पिनच्या मापाचीच प्लेट घ्यायची, यात मधला मार्ग नसतो.

दुसरा प्रश्न उंचीचा. प्लेट वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात, १५० मिलिमीटरची, १८५ ची, त्याहून उंच. जुनीच्या जागी ठेंगणी बसवली तर डाल्याचं नाक खाली जातं आणि भार मागच्या आसांवर सारखा वाटला जात नाही. उंच बसवली तर खोक्याचा माथा वर जातो, आणि तो माथा नेमका कुठल्यातरी पुलाखाली कळतो. डाला सपाट उभा राहायला हवा. आम्ही जुन्याच उंचीची घेतली.

तिसरा प्रश्न जागेचा, हाच आजोबांचा प्रश्न. प्लेट मागच्या आसाच्या किती पुढे? साधं उदाहरण घेऊ, एकच मागची आस असलेल्या घोड्याचं. पुढच्या आणि मागच्या आसात ३.६ मीटर अंतर, प्लेट मागच्या आसाच्या ०.४५ मीटर पुढे, आणि तिच्यावर ८ टन भार. तर पुढच्या आसावर जातो ८ गुणिले ०.४५ भागिले ३.६, म्हणजे १ टन. उरलेले ७ मागे. प्लेट बरोबर आसावर आली तर पुढे शून्य. आणि आसाच्या मागे गेली तर घोडा उलाळ! दोन मागच्या आसांच्या घोड्याला हेच गणित त्या दोन आसांच्या मध्यापासून करायचं. कायद्याचंही भान ठेवावं लागतं. चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टन होती, ती २०१८ मध्ये ११.५ टन केली.

मग आली भांडणाची वेळ. नव्या प्लेटखालच्या पट्टीची दोन भोकं चेसिसच्या भोकांशी जुळेनात. मिस्त्रीने वेल्डिंगची कांडी हातात घेतली. "दोन टाके मारतो, दहा मिनिटांत गाडी बाहेर."

चेसिसचं पोलाद ताकदीसाठी खास तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने टाक्याच्या कडेला ते कमकुवत होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. आज नाही, सहा महिन्यांनी, एखाद्या उतारावर. म्हणून पट्टी बदलायची किंवा चेसिसच्या उभ्या बाजूला नवं भोक पाडायचं, आणि बोल्ट लावायचे ते डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेले, टॉर्कच्या पान्याने मोजून आवळलेले. मी हे सगळं सांगितलं. मिस्त्री ऐकून घेत होता, पण त्याला मी एसीतला पोरगा वाटत होतो, आणि त्यात खोटं काय होतं?

मामाने घड्याळ पाहिलं. दुपारची एक खेप ठरलेली होती. ती गेली तर हप्त्याच्या महिन्यात एक खेप कमी. तो काही बोलला नाही. प्लेटच्या कडेला बसला आणि मग मिस्त्रीला म्हणाला, "भोक पाड. मी फोन करून सांगतो आज जमत नाही." (तो आगरीत बोलला, मी इथे साधं करून लिहितोय. मूळ वाक्यात अजून दोन शब्द होते ते गाळलेत.)

नंतर चहा घेताना त्याने कारण सांगितलं. मी बारावीत असताना, २०१४ च्या पावसाळ्यात, एका यार्डात त्याने रात्री दोनला डाला जोडला. डाल्याचं नाक जरा उंच राहिलं होतं. पिन जबड्यात न जाता वरच्या वर बसला. आवाज आला 'खटाक', नेहमीसारखाच. मामाला वाटलं जोडलं. टेकू वर घेतले आणि निघाला. फाटकापाशी वळताना डाला सरकला, हवेच्या नळ्या तुटल्या आणि नाक जमिनीवर आपटलं. क्लीनर एरवी तिथेच, दोघांच्या मध्ये उभा राहून नळ्या बघायचा. त्या मिनिटाला तो चहा आणायला गेला होता.

"मामीला सांगितलं होतंस?"

"अजून नाही."

त्यानंतर तो दर वेळी जोडल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकतो. प्लेट आणि डाला यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. जबडा पिनच्या मागून पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे. दांडा आत गेलेला पाहिजे. मग डाल्याचे ब्रेक धरून पहिल्या गिअरमध्ये घोड्याला हलकासा झटका, सुटत नाही ना ते बघायला. टेकू वर घ्यायचे ते त्यानंतर. रोज कितीही वेळा जोडायचं असो, इतकं सगळं तितक्या वेळा.

साडेचारला प्लेट बसली. ग्रीस चोपडलं. मामाने घोडा मागे घेतला, 'खटाक'. तो उतरला आणि टॉर्च माझ्या हातात दिला. मी वाकून पाहिलं. उजेड नव्हता. जबडा मिटलेला होता. बाहेर येऊन मी "ओके" म्हटलं, आणि मामाने तोच टॉर्च घेऊन स्वतः पुन्हा पाहिलं. मला अजिबात राग आला नाही. कोड रिव्ह्यूमध्ये दोघांनी पाहिलेलं बरं असतं हे मी रोज लोकांना सांगतो.

परतीच्या लोकलमध्ये विचार करत होतो. ओझं आधी माणसाच्या माथ्यावर होतं, मग बैलाच्या मानेवर, आता लोखंडी चकतीवर. हे चांगलंच झालं. कुणाच्या मानेला आता रग लागत नाही. पण या चकतीचा सगळा गुण आहे तो सुटण्यात. डाला सुटतो, खोकं सुटतं, घोडा दुसऱ्याला जोडता येतो. आणि घोड्याचा मालकही. एका ठिकाणी काम थांबलं की मामाला दुसऱ्या दारात उभं राहावं लागतं. हप्ता मात्र त्याच्या एकट्याच्या मानेवर, तो कुठल्या डाल्यावर टाकता येत नाही. शेत होतं तेव्हा पैसा कमी होता, हे तोच सांगतो, बैलगाडीचे गोडवे गात बसणाऱ्यांतला तो नाही. पण ते शेत कुणी दुपारी फोन करून सोडवू शकत नव्हतं. त्याला सरकारच लागलं.

त्याचा मुलगा कॉलेजात आहे, कॉम्प्युटर सायन्स. हा धंदा करणार नाही म्हणतो. मामाचंही तेच म्हणणं. "मग नवी प्लेट कशाला? अशीच विकायची ना गाडी," मी म्हणालो होतो. त्यावर मामा म्हणाला, "जो घेईल त्याचापण क्लीनर असेल ना."

असो. बराच लांबला लेख. व्हर्नियर पुन्हा डब्यात गेलंय, पण या वेळी त्याला तेल लावून ठेवलंय. सोमवारी डेमो आहे. आणि कुणी पनवेल-उरण रस्त्याने जाणार असाल आणि पुढे ट्रेलर रेंगाळत असेल, तर लगेच हॉर्न वाजवू नका. पुढचा माणूस कदाचित आत्ताच वाकून, उजेड दिसत नाही ना ते बघून निघालेला असेल.